हलकी मोळी

ट्रॉली गावाबाहेर पडायच्या आत छबूबाईनं सुनेला बजावून ठेवलं, की त्या माणसाला भाऊ म्हणायचं नाही.

"मग काय म्हनू?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"काय बी म्हन. अवो म्हन. भाऊ तेवढं म्हनू नको."

छबूबाई हे बोलली ते गालात सुपारी धरून आणि नजर भलतीकडं लावून. ट्रॉलीच्या कडेला बांधलेल्या कोंबड्यांनाच काहीतरी सांगतेय, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. तो माणूस, अमृत, पुढच्या कोपऱ्यात बांबूंच्या भाऱ्यावर पाय पोटाशी घेऊन बसला होता. टोपी उलटी घातलेली. त्याला ऐकू गेलं असेल, नसेल. ज्ञानेश्वरीनं मान हलवली आणि धुळीसाठी पदर नाकाला लावला. सासू असं का म्हणते, हे विचारावं एवढीही तिला उत्सुकता नव्हती.

दसरा झाला की पाथर्डीकडच्या डोंगरातल्या वाड्या अशा ओस पडतात. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवऱ्यानं तोडायचं, ढीग घालायचे. बायकोनं त्या ढिगांच्या मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून नेऊन ट्रॉलीत टाकायच्या. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम सगळ्यात शेवटी विचारतो, बाजार उठताना उरलेल्या भाजीला विचारावं तसा. राम गेल्यापासून ज्ञानेश्वरी अर्धीच होती. अमृतही अर्धाच होता, कारण त्याची बायको फारकत घेऊन माहेरी गेली आणि तिकडंच तिचं दुसरं लग्न झालं. मुकादम पुंजारामनं दोन अर्धे जोडून एक केला. लोक बोलतील, असं कोणीतरी म्हणालं. तर छबूबाई म्हणाली, मी जाते बरोबर, मग बघू कोण बोलतंय ते.

राम गेला तो भर दुपारी. रस्त्याच्या कडेला मोटारसायकल लावून तो मोबाईलवर बोलत उभा होता आणि मागून टेम्पो आला. ज्ञानेश्वरी रडली नाही. आधी बायका म्हणाल्या, धसका घेतलाय हिनं, रडवा हिला. मग म्हणाल्या, दगड आहे. तिला स्वतःला दोन्हीतलं काही पटलं नव्हतं आणि खोडूनही काढावंसं वाटलं नव्हतं. बराच वेळ मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात. त्या मुंग्या यायच्या आधी एक वेळ असते, तेव्हा पाय आपलाच आहे हे नुसतं बघूनच कळतं. ती त्या वेळेत बसून राहिली होती. भाकरी गोल व्हायची, अंगण झाडून व्हायचं, कोणी हसवलं तर ओठही हलायचे. सगळं तिच्याकडूनच व्हायचं, पण शेजारच्या घरात कोणी काम करताना आवाज यावेत तसं.

प्रेम कसं असतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. बारावीला नापास झाली त्या साली ती चुलतबहिणीबरोबर मोहट्याच्या देवीच्या यात्रेला गेली होती. दोघी मोठ्या पाळण्यात बसल्या. माणसं भरायला पाळणा थांबला तो नेमका यांचा डबा वर असताना. खाली सगळी यात्रा मुंग्यांसारखी. पुढच्या डब्यात एक मुलगा दांडी धरून बसला होता. त्यानं मान वळवून हिच्याकडं बघितलं आणि हिचं काळीज तोंडाशी आलं. खाली उतरल्यावर बहिणीला ती म्हणाली, तो पोरगा कुठला गं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याशीच लग्न झालं. खूप वर्षांनी एकदा भाकरी थापता थापता तिनं रामला हे सांगितलं, तर तो हसत सुटला. म्हणाला, अगं मी तुला बघितलंच नव्हतं, मला चक्कर येत होती म्हणून मान वळवली. मग दोघंही हसले. काळीज धडधडलं ते पाळण्यानं की रामनं, हे तोवर तपासून बघायची गरज उरली नव्हती. पण तिच्या हिशेबात एवढं पक्कं बसलं होतं, की माणूस आवडणं म्हणजे तशी धडधड.

अमृतकडं बघून काहीच धडधडत नव्हतं. कालव्याच्या कडेला टोळीच्या कोप्या पडल्या, म्हणजे बांबू, ताडपत्री आणि पाचटाच्या झोपड्या. सासू-सुनेची एक, तिच्या शेजारी अमृतची. जेवण एकाच चुलीवर. तो माणसांशी कमी बोलायचा आणि उसाशी जास्त. आडवा पडलेला ऊस दिसला की म्हणायचा, ऊठ बाबा, पावणे आले. बोटाला कोयता लागला की स्वतःलाच शिवी द्यायचा, तीही हळू, कुणाला वाईट वाटू नये अशी. भाऊ म्हणायचं नाही आणि नाव घ्यायचं तर जीभ उचलत नाही, म्हणून ज्ञानेश्वरी त्याला अवो म्हणायची आणि तो तिला ऐकलं का म्हणायचा. टोळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, कारण त्या आपल्या नवऱ्यांना तशाच हाका मारत होत्या. छबूबाई ते हसू बघायची आणि सुपारी कातरत बसायची.

मोळ्यांचं ज्ञानेश्वरीच्या लक्षात आलं ते ट्रॉली भरताना. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी आणि ट्रॉलीला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. वर कारभारी नावाचा गडी मोळ्या रचायला उभा असायचा. एके दिवशी त्यानं तिची मोळी एका हातानं उचलली आणि सगळ्यांना दाखवली.

"वयनी, ही मोळी हाय का खराटा? अंगन झाडायचंय का आमी?"

सगळे हसले. तिनं इतर बायकांच्या मोळ्या बघितल्या. खरंच, तिच्या निम्म्याच होत्या. मोळी बायको बांधते, पण ढीग नवरा घालतो. ढीग जेवढा, तेवढी मोळी. म्हणजे अमृत तिच्यापुरते लहान ढीग घालत होता.

तिला राग आला. बऱ्याच काळानं काहीतरी आलं होतं, म्हणून ते राग आहे हे ओळखायलाही तिला वेळ लागला. तिला वाटलं, हा मला खरोखरच अर्धी समजतो. नवरा नसलेली बाई, हिच्या मानेत काय जोर असणार. तिनं त्याला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दोन ढिगांची एक मोळी बांधायला लागली. वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याचा, वेढा पुरेना, तर दोन वेढे जोडून बांधायची. अमृतनं हे बघितलं आणि ढीग होते तसेच घालत राहिला. एखाद्या दिवशी ती तीन ढीग एकत्र करायची. फळीवर तिचे पाय थरथरायचे आणि खालून कोणीतरी म्हणायचं, आता हिच्या अंगात आलंय. ती ते पूर्ण थंडीभर करत राहिली. मान संध्याकाळी वळायची नाही, तेव्हा ती अख्खं अंग वळवून बघायची.

हे केशरबाईच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. केशरबाई मुकादमाची बायको, बोलायला फटकळ आणि टोळीत कोणाच्या चुलीवर काय शिजतंय हे वासावरून सांगणारी. कालव्यावर भांडी घासताना तिनं विषय काढला. ज्ञानेश्वरीनं तक्रार केली, की मुकादमाला सांगा, मला दुसरा गडी द्या, हा मला कमी लेखतो. केशरबाईनं हातातली राखेची मूठ तशीच धरून तिच्याकडं बघितलं.

"खुळी का काय गं तू? बाप्या मानूस बाईची मोळी हलकी का घालतो, हे बी मीच सांगू? माझ्या मुकादमानं लगीन झाल्यावर दोन म्हैने घातली हुती तशी. मग आली समदी माझ्या डोक्यावर. त्याचं मन हाय तुझ्यावर, ज्ञाने. आनि तू त्याच्या मनाच्या दोन-दोन बांधून फेकतीस ट्रॉलीत."

ज्ञानेश्वरी भांडी पाटीत भरून परत आली.

पण त्यानंतर फड तोच राहिला नाही. कोणाचं आपल्यावर मन आहे असं एकदा कानावर पडलं, की डोळे साक्षी गोळा करायला लागतात. अमृत पाचट बाजूला सारायचा ते आता तिला स्वतःच्या वाटेतलं सारलेलं दिसायला लागलं. पाण्याची कळशी तो सावलीत ठेवायचा, ती कोणासाठी? तो उसाला पावणे आले म्हणायचा, तर ते तिला ऐकू जावं म्हणूनच. आधीही तो हेच करत होता. आता त्या सगळ्याला तिचं नाव लागलं. एकदा त्याला ताप होता म्हणून तो फडात आला नाही आणि छबूबाईच त्याच्या जागी ढीग घालायला उभी राहिली, तर दिवसभर ज्ञानेश्वरीच्या डाव्या बाजूला काहीतरी कमी होतं. धडधड नव्हतीच. नुसती डावी बाजू रिकामी. तिनं एका ढिगाची एक मोळी बांधायला पुन्हा सुरुवात केली. कारभारी खराटा म्हणाला, तर तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हलकी मोळी डोक्यावर घेऊन फळी चढताना तिला पहिल्यांदाच वाटलं, की आपण कोणाच्या तरी ध्यानात आहोत. ते वाटणं फार मोठं नव्हतं. पण होतं, हे तिला कळत होतं.

फेब्रुवारी सरत आला. फड विरळ व्हायला लागले, कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, गोष्टी सुरू झाल्या. एका संध्याकाळी, अमृत कालव्यावर गेलेला असताना, छबूबाईनं सुनेला समोर बसवलं. बोलणं लांब होतं, पण मुद्दा एकच. गावाकडं गेल्यावर चार तोंडं चार गोष्टी बोलणार, त्याच्या आधी ठरवायचं. अमृतला तिनं विचारून ठेवलं होतं, तो नाही म्हणालेला नव्हता. ज्ञानेश्वरी हो म्हणाली तर देवळात पाट लावायचा, चार माणसांत. नाही म्हणाली तर हा कोयता मोडला. पुढच्या साली ती अर्धी, तो अर्धा. छबूबाई खर्ड्याला लेकीकडं जाईल, ज्ञानेश्वरीनं भावाकडं जावं, घराला कुलूप.

"तुमी रामची आई हाय," ज्ञानेश्वरी म्हणाली. "तुमाला कसं बोलवतंय?"

"त्याची आई हाय म्हनूनच बोलते. त्याची बायको म्हनून तुला धरून ठिवली, आनि उद्या मी मेले, तर तुला कोन हाय? मला वरती त्योच विचारील." छबूबाईनं अडकित्ता खाली ठेवला. "भाऊ का म्हनू दिलं न्हाई तुला, ते कळलं का आता? पट्टा पडायच्या आत सांग. आवडत नसंल तर न्हाई म्हन, मी रागवनार न्हाई."

आवडतो का, हे तिला स्वतःला सांगता येत नव्हतं. हाताशी एकच पुरावा होता, हलकी मोळी. तो जर खरा असेल, तर त्याच्या बाजूनं तरी काहीतरी आहे. एका बाजूचं दोघांना पुरवून घेता येईल, असा तिनं विचार केला. पण ते त्याच्या तोंडून ऐकलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खायला सगळे पांगले, तेव्हा ती त्याच्यासमोर उभी राहिली. तो बांधावर बसून कोयत्याला धार लावत होता.

"अवो. एक इचारू? माझी मोळी हलकी का घालता तुमी?"

त्यानं मान वर केली. मग शेजारच्या ढिगाकडं बघितलं, पलीकडच्या जोडीच्या ढिगाकडं बघितलं आणि पुन्हा आपल्या ढिगाकडं.

"हलकी हाय व्हय?"

तो उठला, ढिगाजवळ गेला, वाकून दोन्ही हातांनी त्याला मिठी घातली आणि अंदाज घेतला.

"व्हय की," तो म्हणाला. "पूजाला, माझ्या पयल्या बायकोला, मानेचा तरास हुता. एवढीच झेपायची तिला. हातानं तेच धरून ठिवलंय. मी मोजून न्हाई घालत, हात आपलाआपन थांबतो." मग तो सरळ झाला. "तुमी दोन-दोन एकत्र बांधायला लागल्या, तवा मला वाटलं, तुमाला जड उचलायची आवड असंल. म्हनलं, आसतो एकेकाचा सभाव."

ज्ञानेश्वरीनं मान हलवली. हे वाईट वाटायला हवं, असं तिला वाटलं. सोडून गेलेल्या बाईच्या मानेपुरतं ओझं आपण एवढे दिवस वाहिलं आणि त्यात स्वतःसाठी काय काय शोधलं. तिनं थोडा वेळ वाट बघितली, पण वाईट वाटणंही आलं नाही. ती खाली बसली आणि फडकं सोडून त्याची भाकरी त्याच्यापुढं ठेवली, रोजच्यासारखी. भाकरी, बेसन, लाल चटणी.

तो खायला लागला. शेजारच्या बांधावरून कांदा फोडल्याचा आवाज आला आणि त्याची मान तिकडं वळली.

"एक इचारू का मी बी?" तो म्हणाला. "तुमी कांदा खात न्हाई, ती माळ हाय का गळ्यात कुनाची? का देवाचं काय हाय?"

"कोन म्हनलं मी कांदा खात न्हाई?"

"कालवनात न्हाई, भाकरीसंगं न्हाई. आल्यापासनं न्हाई. म्हनून मी बी सोडला. तुमच्या चुलीवर जेवायचं तर कशाला बाटवा."

आता तिनं आपल्या हातांकडं बघितलं. रामला कांद्याचा वास खपायचा नाही. लग्न झाल्या साली तिनं तो चुलीपासून तोडला आणि मग सासूनंही ते धरलं. तिला स्वतःला आवडायचा. माहेरी ती बुक्कीनं फोडून मिठासंगं खायची, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. ते तिनं त्याला सांगितलं, सपाट आवाजात, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं.

"म्हंजे तुमाला बी आवडतो," अमृत म्हणाला, "आनि मला बी आवडतो."

"व्हय."

"आनि आख्खा हंगाम दोगं कोरडी भाकरी खातोय. कांद्याच्या रानाशेजारी ऱ्हाऊन."

तो हसेल असं तिला वाटलं. तो हसला नाही. उठून शेजारच्या बांधावर गेला, परत आला आणि एक कांदा तिच्यापुढं ठेवला. तिनं तो फोडला नाही, नुसता हातात धरून बसली. मग तो फडक्यात गुंडाळून ठेवून उभी राहिली.

"चला. ढीग घाला," ती म्हणाली. "आता माझ्या मानेच्या अंदाजानं घाला."

"किती?"

"तुमी घाला. मी सांगते."

त्यानं तोडायला सुरुवात केली. नेहमीच्या जागी त्याचा हात थांबला. ती म्हणाली, अजून. त्यानं उसाची चार टिपरं टाकली. अजून, ती म्हणाली. तो बघत होता, ती ढिगाकडं बघत होती. पुन्हा त्यानं टाकलं. तिनं वाकून ढीग जोखला, दोन टिपरं काढून बाजूला ठेवली आणि वाढ्याचा वेढा आवळला. मोळी डोक्यावर द्यायला त्यानं हात लावला. आतापर्यंत तिनं तो लावू दिला नव्हता, जड मोळीलाही नाही. तिची मान थोडी दबली आणि जिथं थांबायला हवी तिथं थांबली. पूर्ण दुपार ते दोघं तेवढ्याच मोळ्या घालत राहिले. मधूनच त्याचा हात चुकायचा, ढीग लहान व्हायचा. तो स्वतःच म्हणायचा, चुकलं. ती म्हणायची, चुकू द्या, टाका अजून.

दिवस मावळायच्या सुमाराला छबूबाई कोपीपुढं तांदूळ निवडत होती. ज्ञानेश्वरी तिच्याजवळ बसली आणि सुपातले खडे काढायला लागली.

"काय ठरलं?" छबूबाईनं विचारलं. "आवडला का?"

"म्हाईत न्हाई. मी अजून बघितलाच न्हाई त्याला."

"आगं, इतके म्हैने फडात काय बघत हुतीस मग?"

"रामला," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आनि त्यो त्याच्या पयल्या बायकोला."

छबूबाईचा हात सुपात थांबला. रामचं नाव सुनेच्या तोंडून तिनं राम गेल्यापासून ऐकलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले, तांदळाची धूळ गेल्याचं निमित्त करून. ज्ञानेश्वरी खडे काढत राहिली.

"मग न्हाई म्हनून सांगू का त्याला?" छबूबाईनं शेवटी विचारलं.

"न्हाई कशाला? पाट लावायचा म्हना. पन त्याला सांगा, मला लगेच काय वाटंल म्हनून बसू नको. वाटलं तर मी सांगीन. न्हाई वाटलं तरी सांगीन."

"आसं कुनी सांगतं का गं लगीन ठरवताना?"

"मग मीच सांगते," ज्ञानेश्वरी म्हणाली.

ती उठून शेजारच्या कोपीपाशी गेली. अमृत दाराशी बसून पायातला काटा काढत होता. सासूला जे सांगितलं तेच तिनं त्याला सांगितलं, त्याच शब्दांत, काही न गाळता. त्यानं पाय खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, माझं बी तसंच समजा. मग थोडं थांबून त्यानं विचारलं, संध्याकाळच्या कालवणात कांदा घालणार का. ती म्हणाली, घालते. तो म्हणाला, मग तिखट किती घालता, कमी का जास्त, तुम्हाला स्वतःला कसं लागतं?

तिला चटकन सांगता आलं नाही. उभ्या उभ्या विचार करावा लागला.